पिवळा ठिपका

किल्ल्या करून देणाऱ्या त्या माणसाला कुणीही विचारावं, "काय हो, हे दोऱ्याला काय लटकवलंय?" मान वर न करता तो सांगतो, "नकली नाणं आहे. माझ्या सख्ख्या भावाने सांगितलंय." आणि कानस पुन्हा किल्लीवर चालू. विचारणारा हसतो, किल्ली खिशात टाकतो आणि चालू लागतो. हसू दे बापडा. त्या दोऱ्याला काय काय बांधलंय, ते त्याला कुठून कळणार?

एके काळी हाच माणूस एका जागी बसेल तर शपथ! सकाळी बाहेर पडायचा तो दिवेलागणीला उगवायचा. पायाला भिंगरीच लागलेली, म्हणून बाजाराने त्याचं नावच भिंगरी पाडलं. थोरला भाऊ नेमका उलटा. खुर्चीत बसला की खुर्चीचाच झाला. डोळ्याला भिंग, भिंगाखाली नाणं. त्याला लोक भिंग म्हणायचे. जिन्याखाली दोघांचं जुन्या नाण्यांचं दुकान होतं, आणि चिनी नाणं ओळखून घ्यायचं तर तिथेच, असा त्या दुकानाचा लौकिक होता. भंगारवाल्यांची पोती उपसायची, मोडीत निघालेल्या घरांच्या पेट्या धुंडाळायच्या, हे भिंगरीचं काम. कुठलं नाणं कुठल्या काळातलं हे सांगायचं, ते भिंगाचं. दुकान दोघांचं म्हणायचं आपलं. पाटीवर नाव एकट्या थोरल्याचं. पाटी लहान आहे, दोन नावं मावत नाहीत, असं तो म्हणायचा. आणि धाकट्याला ते पटायचंसुद्धा! आता काय म्हणावं या माणसाला?

शिकवलं मात्र थोरल्याने मन लावून, ते नाकारून चालणार नाही. "आधी अंगठा फिरव, डोळे नंतर," असं तो सांगायचा. फावड्याच्या आणि सुरीच्या आकाराची नाणी फार जुनी. मग गोल, मधे चौकोनी भोक. ते चौकोनी अशासाठी, की सळईत ओवून कडा घासताना नाणी गरगर फिरू नयेत. गोल असून काठाला उंचवटा नसेल तर बहुधा जुनं. काठ आला आणि अक्षरं दोनच, तर हान घराण्याचं, नाहीतर त्याच्या मागोमागचं. चार अक्षरं आली की तांगांच्या काळात नाहीतर त्याच्या अलीकडे पोचलो. तोच मजकूर वेगवेगळ्या वळणांत लिहिलेला दिसला की सोंग. मागच्या बाजूला दुसरीच लिपी असली की चिंग, म्हणजे अगदी कालपरवाचं. आणि सगळ्यांत मोठा नियम धातूचा. चिंगांच्या आधीचे ते मिंग, त्यांचा निम्मा काळ उलटेपर्यंत नाणी काशाची, पितळ त्यानंतर. "हिरवा थर टोकरून खाली पिवळं दिसलं आणि नाणं जुन्याचा आव आणत असलं, तर खुशाल डब्यात टाक." डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. नकली नाणी त्यात साठवायची, नवशिक्यांना दाखवायला.

आणखी एक गोष्ट थोरला रंगवून सांगायचा. हानांच्या राज्याच्या मधोमध एका मंत्र्याने गादी बळकावली आणि नाण्यांचा पार खेळखंडोबा केला. त्याच्या एका नाण्याला वर भोकाचं जाडजूड गोल डोकं आणि खाली सुरीचं पातं. डोक्यावर दोन अक्षरं कोरून त्यांत सोनं भरलेलं. पुष्कळांची पाती मोडली, नुसती डोकी उरली. "असं एक डोकं दुकानात येऊ दे," थोरला म्हणायचा, "आणणाऱ्याचं नाव पाटीवर लावीन. पाटी मोठी करून घेऊ." बोलायला काय जातं! पण धाकट्याने ते मनात धरलं. पुढची कितीतरी वर्षं तो उन्हातान्हात हिंडला, तो त्या पाटीसाठी.

आणि एकदा गंजक्या वायसरांच्या ढिगात त्याच्या हाताला एक गोल तुकडा लागला. मधे चौकोनी भोक. वर हिरव्या मातीचा दगडासारखा थर, अक्षर म्हणून दिसत नव्हतं. त्याने अंगठा फिरवला. नेहमीच्या नाण्याहून कितीतरी जाड, आणि काठ एका जागी घासून सपाट केलेला, तिथे काहीतरी होतं आणि मोडलं असावं तसा. तडक दुकान गाठलं.

नेमका रविवार होता. रविवारी मागच्या खोलीत संग्राहकांची बैठक भरायची, सगळी ओळखीची, थोरल्याला मानणारी मंडळी. धाकट्याला धीर कुठला! दारातूनच ओरडला, "दादा, मोडक्या सुरीचं डोकं आहे, बघ!"

थोरल्याच्या कपाळाला आठी पडली. काळ सांगायचा तो त्याने, चारचौघांसमोर धाकट्याने नव्हे. त्याने भिंग लावलं, सुई घेतली आणि भोकाच्या शेजारचा थर टोकरला. टाचणीच्या डोक्याएवढा पिवळा ठिपका चमकला.

"पितळ," थोरला म्हणाला. "नकली. टाक डब्यात."

"अरे पण जाडी बघ की. आणि हा काठ बघ, इथे..."

"जाड ओतायला काय अक्कल लागते? पाय झिजवून नाणी ओळखता आली असती, तर पोस्टमननेच दुकान काढलं असतं."

खोली खदाखदा हसली. धाकट्याच्या जिभेवर शब्द आला होता. पिवळं ते सोनं का नसेल? ज्याने सोन्याची गोष्ट सांगितली त्याला सोनं आठवू नये? शब्द पार ओठांपर्यंत आला आणि त्याने तो गिळला. भंगारात सोनं म्हटल्यावर मंडळी आणखी हसली असती. आणि खरं सांगायचं तर त्याला पटलंच होतं. दादा कधी चुकला होता का? नाणं खणकन डब्यात पडलं आणि बैठक पुढे सुरू झाली.

त्या रविवारनंतर त्याचा अंगठा मुका झाला. नाणं हातात घेतलं की वाटायचं, हेही नकलीच असणार. आपल्याला नजर नाही, आपण नुसते हमाल, असं त्याने स्वतःला बजावलं आणि दुकान सोडलं. थोरल्याने एका शब्दाने थांब म्हटलं नाही. बायको तेवढी करवादली, "इतक्या चपला झिजवल्यात त्या दुकानापायी, हाती काय लागलं?" हा काय सांगणार? रस्त्याच्या वळणावर टपरी टाकली आणि भिंगरी बसली, ती बसलीच. दिवसभर पितळेच्या किल्ल्या घासायच्या. नखांत पितळेचा भुगा, जेवताना हातालाही त्याचाच वास. ताजं घासलेलं पितळ सोन्याच्या तोंडात मारील असं चमकतं आणि वर्ष सरायच्या आत काळवंडतं, हे त्याला असं रोज घासून घासून कळलं.

केस पिकल्यावर एका दुपारी थोरला टपरीत आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. स्टुलावर टेकला, रुमाल सोडला आणि तो जाड तुकडा फळीवर ठेवला.

"नवशिक्यांपुढे डबा ओतला होता," तो म्हणाला. "त्यात हे चमकलं. तोच ठिपका. पितळ असतं तर..."

"एव्हाना काळं पडलं असतं," धाकटा म्हणाला. त्याला भिंग लागलं नाही.

"मग मी थर काढला. दोन्ही अक्षरांत सोनं आहे. तुझं खरं होतं रे."

काही झालं तरी दादाच तो! एवढं एक वाक्य ऐकायला कान किती आसुसले होते, ते आत्ता त्याला कळलं. सगळं माफ करायला तो तयार होता, अगदी तो पोस्टमनसुद्धा. तेवढ्यात थोरल्याने रस्त्याकडे बघून आवाज खाली आणला.

"एक कर मात्र. कुठे बोलू नकोस. परवाच एका गिऱ्हाइकाकडून आलं म्हणून सांगू. भिंग चुकलं अशी बोंब झाली, तर या वयात माझं काय राहिलं? तुझं काय, तू आता या धंद्यातही नाहीस."

तुझं काय! धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नकली म्हणालास ते चारचौघांत," तो म्हणाला, "आणि खरं म्हणतोस ते माझ्या कानात?"

"अरे, घरातली गोष्ट आहे ही."

"मग तेव्हाही घरातच बोलायचं होतंस."

थोरल्याने नाण्याकडे हात नेला. धाकट्याने त्याआधी मूठ मिटली. "नकली ना हे? मग राहू दे माझ्याकडे. खरं असेल तर बाहेर उभा राहा, आत्ता, आणि मोठ्याने सांग. मग खुशाल घेऊन जा."

थोरला उठला. टपरीबाहेर उभाही राहिला. ओठ हलले त्याचे. तेवढ्यात जाणारं कुणीतरी म्हणालं, "काय भिंगराव, इकडे कुठे?" थोरल्याने हसून मान डोलावली, कुलपाची किल्ली करायला आलो होतो म्हणाला, आणि त्याच्याबरोबर बोलत बोलत निघून गेला.

तेव्हापासून ते नाणं दोऱ्याला लटकतंय, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. थोरला आता दुसऱ्या गल्लीने जातो. जाऊ दे. टोचत असेल, याचं धाकट्याला बरं वाटायचं. कधीतरी टोचणी असह्य होईल, दादा येईल आणि बाजारात उभा राहून बोलेल, अशी आशा होती वेड्याला.

मग परवा एक म्हातारे गृहस्थ किल्ली करायला आले. धाकट्याने त्यांना ओळखलं, त्यांनी त्याला नाही. त्या रविवारी खोलीत हसणाऱ्यांतलेच ते. किल्ली होईपर्यंत इकडेतिकडे बघताना त्यांची नजर दोऱ्यावर गेली. चष्मा पुसला, जवळ आले, नाणं उलटंपालटं केलं.

"अहो, हे सोनं आहे! हे तर त्या सुरीचं डोकं! कुठे मिळालं तुम्हाला?"

धाकट्याची कानस थांबली. त्याला रडू येईल असं वाटलं. आणि तरी इतक्या दिवसांच्या सवयीने तोंडातून तेच निघून गेलं, "नकली आहे. माझ्या भावाने सांगितलंय."

"भाऊ कोण?"

"भिंग."

"भिंगाने बघितलंय?" म्हाताऱ्यांनी नाणं हातातून सोडलं आणि चष्मा खिशात ठेवला. "मग संपलंच की. मलाच आपलं उगाच वाटलं. डोळे गेले हो माझे आता."

दोऱ्यावरचं नाणं थोडा वेळ हलत राहिलं. धाकट्याने किल्ली पुसली आणि त्यांच्या हातात दिली.