रस्त्यापलीकडून वाचता येणारी अक्षरे

सुखदेवराव हिवाळे यांची ओळख तीर्थपुरीच्या बाजारात झाली. ते माझ्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाची पाटी रंगवत होते. मध्येच म्हणाले, "मामा, रस्त्यापलीकडं जाऊन वाचा बरं." माझी शाळा चौथीत सुटलेली. चारचौघांत वाचायचे म्हटले की भीती वाटते. हा लेख लिहितानाही वाटते आहे. शुद्धलेखन या गौरवग्रंथाच्या समितीने बघून घ्यावे. मी अक्षर अक्षर लावत वाचले. ते हसले नाहीत. म्हणाले, "तुमाला आलं म्हंजे समद्या गावाला आलं!"

तेव्हापासून निवडणूक लागली की मला पलीकडे उभे राहावे लागते. सुखदेवराव प्रत्येक उमेदवाराच्या नावाला स्वतंत्र वळण देतात. शिरोरेघ जाड, अक्षरांची पोटे मोकळी, नावाला लागूनच चिन्ह. एकाला दिलेले वळण त्याच्या विरोधकाला कधीच देत नाहीत. आता त्यांची कन्या वैशालीताई यांनी त्याच अक्षरांचे संगणकावर फॉन्ट केले आहेत. तरी पहिला नमुना भिंतीवरच उतरतो आणि मला हाक येते.

जवळच्या एका गावी सरपंचपदाची निवडणूक होती. रुक्मिणबाईंना किटली हे चिन्ह मिळाले, दत्तरावांना पाण्याचा जग. दोघांच्याही भिंती सुखदेवरावांकडेच. रुक्मिणबाईंची भिंत पुरी झाली. तेच चित्र संध्याकाळी बॅनरच्या छपाईला जायचे होते. मी पलीकडे उभा राहिलो आणि चिन्हाकडे पुन्हा पुन्हा बघितले. बोलावे तर एवढ्या मोठ्या कलाकाराची चूक काढल्यासारखे, गप्प राहावे तर त्या बाईंची मते जायची. शेवटी म्हणालो, "माझी नजर अधू असंल, पण मला तर जग दिसून राह्यला."

"आता गं माय!" रुक्मिणबाई म्हणाल्या. "माझी मतं दत्तरावांच्या जगात सांडतील की!"

सुखदेवराव माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. डोळे बारीक करून बघितले. "मामा, बराबर हाय. चुकलं माझंच." त्यांनी लगेच फोन करून वैशालीताईंना छपाई थांबवायला सांगितले. मग रुक्मिणबाईंच्या चुलीवरची खरीखुरी किटली मागवली, समोरच्या ओट्यावर ठेवली आणि चित्रावर चुना फिरवून नव्याने काढायला घेतले. लांब वाकडी तोटी, वर कडी, तोंडातून वाफ.

तेवढ्यात दत्तराव आले. "वा रे पेंटर! तिच्या किटलीला वाफ अन् माझा जग कोरडा?"

"तुमच्याबी जगात पाणी भरतो, दत्तराव. मत कोनालाबी जाऊ द्या, पण देणाऱ्याचं चुकलं न्हाई पायजे."

आणि त्याच दिवशी त्यांनी जगात निळे पाणी भरले. सुखदेवरावांची सारी नीती मला त्या निळ्या रंगात दिसते. रुक्मिणबाई निवडून आल्या. त्यांनी त्याच किटलीतून सगळ्यांना चहा पाजला. दत्तरावांनीही घेतला; साखर कमी आहे, एवढे म्हणाले.

पुढे माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सुखदेवरावच मला जालन्याला घेऊन गेले. वाटेत मी एकच घोर लावून घेतला होता. "डोळा साफ झाला तर मंग तुमाला माझा काय उपयोग?"

ते म्हणाले, "तुमची चौथी तर तीच राहणार न्हाई का, मामा?" मी पहिल्यांदाच दवाखान्यात हसत शिरलो.

या ग्रंथाच्या मुखपृष्ठाची अक्षरे वैशालीताईंनी केली आहेत. त्यांनी वडिलांच्या नकळत नमुना माझ्या दुकानाला लावला आणि मला पलीकडे पाठवले. सुखदेवरावांचे नाव मी कुठेही न अडखळता वाचले. डोळ्यांचा गुण की अक्षरांचा, ते समितीने ठरवावे.

साठी पूर्ण करणाऱ्या सुखदेवरावांचा हात असाच स्थिर राहो, शिडी चढायचे बळ टिको आणि त्यांना भरपूर, निरोगी आयुष्य लाभो. थोडे मलाही लाभो. रस्त्यावर गाड्या फार वाढल्या आहेत, ओलांडताना जीव घाबरतो. पण त्यांनी हाक मारली की पलीकडे कोणीतरी उभे असायला हवे.