साहेबासाठी सुटलेला नारळ

वकीलबाई प्रसाद डाव्या हातानं घ्यायची. भंडाऱ्याच्या पंगतीत वाढणारा नवखा असला की शिऱ्याचा चमचा तसाच धरून थांबायचा आणि म्हणायचा, "बाई, उजवा हात करा." ती उजव्या बाहीचं रिकामं टोक त्याच्यासमोर धरायची आणि अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "तो जिनात गेला बाप्पा. तिकडं नेऊन वाढतं का त्याले?" पंगत हसायची. मी त्या पंगतीत असलो तर मान खाली घालून भात कालवत राहायचो.

तिचं खरं नाव इंदूबाई. वकीलबाई हे नाव नंतरचं, सरकारी दवाखान्यातल्या शिपायांनी ठेवलेलं. कुणाचा हात थ्रेशरमध्ये गेला, कुणाची बोटं कडबाकुट्टीत गेली, की ही तिथं हजर. नात्याची ना गोत्याची. घरचे रडत असायचे आणि ही खाटेच्या पायथ्याशी बसून विचारायची, "मशीन कोनाची? जाळी होती का? कोनं पाह्यलं?" एकदा नर्स वैतागली, "अहो, आधी टाके तर घालू द्या." ही म्हणाली, "तू टाके घाल वो माय. मी तवरक नावं इचारतो." आणि घरच्यांकडे वळून तिचं नेहमीचं वाक्य, "साक्षीदाराचं नाव आजच घ्या. रात्र गेली की त्याले लेकरंबाळं आठवतात."

हे वाक्य माझ्यावरून केलेलं आहे. जळगाव जामोदच्या जुन्या माणसांना ते ठाऊक होतं, तरी माझ्यासमोर कुणी कधी काढलं नाही.

तिची दुसरी सवय तंबाखूची. एका हातानं तंबाखू मळता येत नाही, म्हणून ती डबी समोर येईल त्याच्यापुढं धरायची. एसटीचा कंडक्टर असो, तलाठी असो. कामगार खात्याचे एक साहेब दवाखान्यात चौकशीला आले होते. त्यांच्यापुढंही तिनं डबी धरली. "मळून द्या ना साहेब. तुमचे दोनी हात चांगले दिसून राह्यले." साहेबांनी मुकाट्यानं मळली. हात गुंतलेला माणूस निघून जाऊ शकत नाही. तेवढ्या वेळात तिनं त्यांना खाटेवरच्या माणसाची सगळी हकीकत ऐकवली.

ती देवमाणूस होती असं मात्र नाही. तोंड अतिशय खराब. नळावर तिच्याशी भांडून कुणी जिंकलं नाही, आणि सुनेशी तर तिचा अबोलाच. दुसरबीडकडच्या एका कुटुंबाला तिनं हट्टानं दावा लावायला सांगितलं. दावा गेला आणि हात गेलेल्या माणसाच्या भावाची त्याच कारखान्यातली नोकरीही गेली. त्या भावाची बायको भर बाजारात तिला वाट्टेल ते बोलली. इंदूबाई तिथंच उभी राहून शेवटपर्यंत ऐकत राहिली. घरी जाताना माझ्या दारावरून गेली तेव्हा एवढंच म्हणाली, "चुकलं बे मिस्तरी माह्यं. पन मंग करावं का मानसानं?"

आता माझं सांगतो.

तिचा हात गेला त्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी मिस्त्री होतो. ही तिथं पट्ट्याखाली सांडलेली रुई ओढायच्या कामावर होती. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालायची, सगळ्याच बाया घालतात तसा. आमच्या जिनात एक रिवाज होता. दसऱ्याला मशीनची पूजा झाली की लाल कापडात बांधलेला नारळ मोठ्या पट्ट्याच्या चौकटीला बांधायचा आणि हंगाम संपेपर्यंत सोडायचा नाही. सोडला तर हंगाम बिघडतो, असं सेठच्या वडलांपासून चालत आलेलं. नारळ बांधायची जागा आणि पट्ट्यात हात जाऊ नये म्हणून लावायची जाळी बसायची जागा एकच. नारळ असला की जाळी बसत नाही. म्हणून दर हंगामात जाळी भिंतीला टेकून उभी असायची. नारळ बांधणारा मी आणि जाळी भिंतीला लावणाराही मीच. रुई ओढताना पट्टा थांबवायचा नाही, हा सेठचा हुकूम.

त्या दिवशी तिच्या शर्टाची बाही पट्ट्यात गेली. मी धावत जाऊन बटन बंद केलं, पण पट्टा लगेच थांबत नसतो. आम्ही तिला कपाशीच्या ट्रॅक्टरमध्ये घालून दवाखान्यात नेलं. परत आलो तर नारळ जागचा हलला नव्हता.

दुपारी सेठ म्हणाले, तपासणीला साहेब येणार आहेत. आणि मग म्हणाले, "नारळ सोड. जाळी बसव." मी सोडला. जाळी बसवली, नट आवळले. साहेब बघून गेले. संध्याकाळी सेठनी माझ्याकडून नारळ पुन्हा होता तिथं बांधून घेतला.

तिनं भरपाईचा दावा लावला तेव्हा सेठच्या वकिलानं मला समजावलं. जाळी असताना कामगारानं मुद्दाम स्वतः ती काढली असेल तर मालक सुटतो. आणि जाळी नव्हतीच म्हटलं तर पहिला प्रश्न मिस्त्रीलाच विचारतील. माझी मुलगी तेव्हा शाळेत जायची. मी बुलडाण्याला कोर्टात जाऊन शपथेवर सांगितलं की जाळी होती, बाईंना बजावलं होतं, तरी त्यांनी स्वतः काढली.

ती समोरच्या बाकावर बसली होती. दावा गेला. बाहेर व्हरांड्यात ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, थुंकेल. तिनं डबी पुढं केली. "मळ." मी मळत असताना ती हळूच म्हणाली, "साहेबासाठी नारळ सुटते, मिस्तरी. माह्यासाठी काऊन नाही सुटलं?"

त्यानंतर कित्येक वर्षं मी तिची तंबाखू मळून दिली. ती माझ्या दारावरून जायची, डबी धरायची, दवाखान्यात कोण आलंय ते सांगायची. मी ऐकायचो. आणि दर दसऱ्याला जिनात जाऊन नारळ बांधायचो. हेच मला आजवर कुणाला सांगता आलं नाही. खोटं एकदाच बोललो असतो तर गोष्ट वेगळी होती. नारळ मात्र मी दरसाल बांधला.

मग रायसिंगचा हात गेला. सातपुड्याच्या पायथ्याचा गडी, हंगामापुरता आलेला. तोच पट्टा, तीच चौकट. जाळी भिंतीला.

इंदूबाई तेव्हा स्वतःच अंथरुणाला खिळलेली होती. तिनं निरोप पाठवून मला बोलावलं. मी खाटेजवळ बसलो. डबी उशाशी होती, मी आपणहून उचलली.

"राहू दे," ती म्हणाली. "डॉक्टरनं बंद केली. त्या पोराच्या केसमंदी जासीन का?"

"जाईन."

"खरं सांगसीन?"

मी हो म्हणालो.

"ते तुले माह्या केसचं इचारतील. म्हनतील, तवा खोटा होता का आता हायेस? घाबरू नोको. तवा, म्हनजो. लाज वाटली तरी म्हनजो."

"बाई, तुमच्या केसचं आता..."

"माह्यं गेलं बे," ती म्हणाली. "त्याच्यात मले नोको ओढू. तू त्याचं पाह्य."

तारीख लागायच्या आधीच ती गेली. तिरडी बांधताना उजव्या बाजूला काय करावं ते कुणाला सुचेना. शेवटी सुनेनंच साडीवरच्या तिच्या नेहमीच्या शर्टाची रिकामी बाही नीट घडी घालून छातीवर ठेवली.

कोर्टात मी सांगितलं की जाळी नव्हती, नारळ होता, तो मी बांधला होता. सेठच्या वकिलानं जुनी साक्ष काढून वाचली. मग चष्मा काढून त्यानं तिनं सांगितलेलाच प्रश्न विचारला. "खोटं तेव्हा बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा," मी म्हणालो.

"म्हणजे शपथ घेऊन खोटं बोलता येतं तुम्हाला."

"हो. येतं."

कोर्टात दोघंतिघं हसले. रायसिंगच्या वकिलानं कपाळाला हात लावला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, काका, खरं बोललात, पण तुमच्या शब्दाला आता वजन राहिलं नाही. निकाल अजून लागलेला नाही. रायसिंग दर तारखेला येतो. डबी त्याचीही असते, मी मळून देतो. तिच्याबद्दल त्याला मीच सांगितलं.

मला जिनातून काढलं, ते होणारच होतं. या दसऱ्याला फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. नवा मिस्त्री पूजेच्या ताटातून लाल कापड घेऊन चौकटीकडे चालला होता. मी हाक मारली, जाळीचं सांगितलं. तो ओशाळून हसला. "काका, मले माहीत हाये. पन सेठचा रिवाज हाये ना."

मी त्याला नाव विचारलं.

"कायले?" तो म्हणाला.

"आजच विचारून ठेवतो," मी म्हणालो.