लाल १७२, हिरवा ११८, निळा ६६

रंगीत ठिपक्यांचं पुस्तक डॉक्टरांनी पुढ्यात धरलं, तेव्हा विश्रामला त्यात एकवीस दिसले. रांगेत त्याच्या आधीच्या मुलाने त्याच पानावर चौऱ्याहत्तर म्हटलेलं त्याने कानांनी ऐकलं होतं. तेच म्हणून टाकलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण एकोणीस वर्षांचा विश्राम चौबळ खरं बोलला. "एकवीस," तो म्हणाला. डॉक्टरांनी पान उलटलं, आणखी दोन पानं दाखवली आणि कागदावर काहीतरी खरडलं. रेल्वेच्या वर्कशॉपमधली उमेदवारी तिथेच गेली. ते १९८३ साल होतं.

कोपरीच्या घरी परतल्यावर वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. ते कचेरीत हेडक्लार्क होते, फार बोलत नसत. "लाल-हिरव्याचा घोळ आहे ना? हे या घराबाहेर जायचं नाही," एवढंच म्हणाले. "उद्या नोकरी आहे, लग्न आहे. लोक आंधळा म्हणतील."

खरं बोलून काय होतं ते विश्रामने पाहिलं होतं. त्याने तोंड बंद ठेवलं ते पंधरा वर्षं.

आयटीआयमधून तो ड्राफ्ट्समन झाला आणि खोपटला मधुशेठच्या फर्निचरच्या कारखान्यात चिकटला. तिथे कपाटांची आणि किचनच्या ओट्याखालच्या खणांची ड्रॉइंग करायची होती, काळ्या शाईने, ट्रेसिंग पेपरवर. काळ्या शाईत घोळ नव्हता. सनमायक्याचे नमुने आले की तो पाठीमागचा नंबर बघायचा, पुढचा रंग नाही. शर्ट पांढरेच घ्यायचा. बायकोसाठी साडी घ्यायची झाली तर बहिणीला बरोबर न्यायचा. बाजारात टोमॅटो निवडायची वेळ आली की चित्राला म्हणायचा, "तूच निवड, तुला चांगलं कळतं." चित्राला वाटायचं, नवरा आळशी आहे. तिने तसं वाटून घेतलं होतं तेच बरं होतं.

शहाण्णव साली मधुशेठ मुंबईत एक प्रदर्शन बघून आले आणि महिन्याभरात कारखान्याच्या पुढच्या केबिनमध्ये कॉम्प्युटर आला. बरोबर कपाटं डिझाइन करायचं सॉफ्टवेअर. मापं टाकली की किचन उभं राहायचं, दारांना हवं ते लाकूड लावायचं, खिडकीतून ऊन आणायचं, दिवे लावायचे.

"विश्राम, हे तूच शिकायचंस," मधुशेठ म्हणाले. "गिऱ्हाइकाला आता रंगीत चित्र पाहिजे."

विश्रामने मान डोलावली. पहिले पंधरा दिवस त्याला धड जेवण गेलं नाही. दाराला लावलेलं लाकूड तपकिरी आहे की शेवाळी, त्याला सांगता येत नव्हतं. कुणी केबिनमध्ये डोकावलं की तो घाईघाईने मापांचा तक्ता उघडायचा.

मग एका दुपारी त्याला ती चौकट सापडली. प्रत्येक रंगाच्या मागे तीन आकडे होते. लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी शून्य ते दोनशे पंचावन्न. नमुन्याचा तुकडा स्कॅनरवर ठेवला की कॉम्प्युटर स्वतःच आकडे सांगायचा. सागवान : लाल १७२, हिरवा ११८, निळा ६६. विश्रामने एक वही घातली आणि सनमायक्याच्या प्रत्येक नंबरापुढे तीन आकडे लिहीत गेला. अक्रोड, शिसम, हस्तिदंती, मोतिया. कुणी "जरा पिवळसर करा" म्हणालं की निळा चाळीसने खाली. "जरा तांबूस" म्हणजे लाल वीसने वर. त्याला स्वतःला फरक दिसायचा नाही. तो गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघायचा.

आणि उजेडात मात्र त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. रंग फसवे म्हणून असेल, पण लहानपणापासून त्याचं लक्ष सावल्यांवर असायचं. वरच्या कपाटाखाली किती काळोख साचतो, घासलेल्या लाकडावर ऊन कसं पसरतं आणि गुळगुळीत सनमायक्यावर तेच ऊन कसं एका ठिकाणी डोळ्यात घुसतं, हे तो चित्रात अचूक आणायचा. चित्र पूर्ण व्हायला चाळीस मिनिटं लागायची, पण झालं की लोक विचारायचे, "फोटो आहे का हो?" डोंबिवली-कल्याणहून गिऱ्हाइकं येऊ लागली. मधुशेठ पाठ थोपटायचे. प्रत्येक थापेबरोबर विश्रामची भीती वाढायची, कारण आता पडायला उंची झाली होती.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत जनाबाई आल्या. बाळकुमच्या कोळीणबाई, साठीच्या, कपाळाला मोठं कुंकू. जुन्या घराच्या जागी बिल्डिंग झाली होती आणि त्यात त्यांना फ्लॅट मिळाला होता. बरोबर सून होती, मालू. दोघी विश्रामच्या मागे खुर्च्या टाकून बसल्या.

"सागवानासारखी दारं पाहिजेत आणि पांढऱ्या भिंती," मालू म्हणाली.

विश्रामने वहीतून आकडे टाकले. कच्चं चित्र पडद्यावर आलं. त्याला ते जरा मंद, मळकट वाटलं. उजेड कमी पडला असेल म्हणून त्याने खिडकीतलं ऊन वाढवलं.

मागे खुर्च्या पुढे सरकल्या.

"यो सागवान हाय?" जनाबाईंनी विचारलं.

"हो, आई. एक नंबर सागवान."

"मना तं जांभला दिसतं."

विश्रामच्या तळहातांना घाम फुटला. बाईंना तांबूसपणा जास्त वाटत असेल. त्याने लाल दहाने कमी केला आणि हिरवा दहाने वाढवला. चित्र तसंच राहिलं. हिरवा आणखी वीसने वाढवला. तरीही तसंच. त्याने ओट्यावरचे दिवे लावले. भिंत अजून करडीच होती, म्हणून छताचाही दिवा वाढवला. मालू तोंडाला पदर लावून हसत होती. का हसते, ते विचारायची सोय नव्हती.

"अरं भाऊ, उजेड नको, रंग बग की!"

त्याच वेळी मधुशेठ आत आले आणि दारातच थबकले. "विश्राम! हे काय केलंस? किचन आहे की जांभळाची टोपली? भिंतीसुद्धा गुलाबी?"

विश्राम पडद्याकडे बघत राहिला. गुलाबी. त्याला तिथे फक्त धुळकट करडं दिसत होतं.

मधुशेठनी पुढे होऊन मॉनिटरच्या मागची वायर दाबली. पडदा लुकलुकला. "आता आलं बघा," मालू म्हणाली. वायरीची एक पिन सैल झाली होती आणि हिरवा रंग पडद्यापर्यंत पोचतच नव्हता.

"वायर कुणाचीही सुटते," मधुशेठ सावकाश म्हणाले. "पण तू अर्धा तास समोर बसलायस. तुला दिसलं कसं नाही?"

डोळ्यांत काहीतरी गेलं होतं, डोकं दुखत होतं, अशी दोन-तीन कारणं विश्रामच्या जिभेवर आली. पण मधुशेठ त्याच्या डोळ्यांत बघत होते.

"मला दिसत नाही, शेठ," तो म्हणाला. "लाल-हिरवं. जन्मापासून."

जनाबाई उठल्या. "मंग आमचं किचन कोन करनार?" त्यांनी मधुशेठना विचारलं. त्या रागावल्या नव्हत्या, काळजीत होत्या. "नंतर बगू," म्हणून सुनेला घेऊन गेल्या.

मधुशेठनी वही मागून घेतली. "दोन वर्षांतली सगळी कामं तपासावी लागतील," ते म्हणाले. "तू घरी जा. मी निरोप पाठवेन."

विश्राम सरळ घरी गेला नाही. कोपरीच्या गल्ल्यांतून दोन फेऱ्या मारल्या. घरी आला तेव्हा चित्रा शाळेतून आलेल्या मुलीची वेणी घालत होती. मुलगी खेळायला गेल्यावर त्याने सगळं सांगितलं.

चित्राने हातातली फणी खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे साड्या वन्सं निवडायच्या."

"हो."

"आणि टोमॅटो."

"हो."

"अकरा वर्षं मी तुम्हाला आळशी म्हणत आले, आणि तुम्ही म्हणू दिलंत." तिचा आवाज चढला. "मी काय सोडून गेले असते? डोळ्यांचं काही नाही हो. पण मला परकं ठेवलंत." जरा थांबून तिने विचारलं, "आपल्या मीनलला होईल?"

"तिला नाही होणार. पण पुढे तिच्या मुलाला होऊ शकतं. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलेलं."

चित्रा उठून आत गेली. दोन दिवस ती कामापुरतं बोलली. त्या दोन दिवसांत विश्रामने फाटकाचा आवाज झाला की खिडकी गाठली. मनातल्या मनात एकेक जुनं किचन आठवून त्याच्या आकड्यांची उजळणी केली. डोंबिवलीचं मोतिया बरोबर होतं ना? कल्याणच्या डॉक्टरीणबाई "वेगळंच दिसतंय" म्हणाल्या होत्या, ते कशाबद्दल?

तिसऱ्या दिवशी मधुशेठ स्वतः स्कूटरवर आले. "चल, बाळकुमला जायचंय. पेटी धर." पेटीत सनमायक्याचे तुकडे होते. कामांचं काय निघालं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायची विश्रामची छाती झाली नाही.

जनाबाईंचं किचन रिकामं होतं, पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत येत होतं. साडेतीन वाजले होते. मालूने तुकडे ओट्यावर मांडले. जनाबाईंनी एकेक उचलून खिडकीत धरला आणि शेवटी एक निवडला. "यो खरा सागवान. चकचकीत हाय."

विश्राम बाजूला पेटी धरून उभा होता. मग त्याच्याने राहवेना. तुकडा घेऊन त्याने समोरच्या भिंतीला, दार येणार होतं त्या उंचीवर टेकवला. "आई, इथे उभ्या राहा. आणि आता बघा."

जनाबाईंनी डोळ्यांवर हात घेतला. खिडकीतलं ऊन तुकड्यावरून थेट त्यांच्या डोळ्यांत येत होतं.

"रोज चार वाजता, चहा टाकताना हेच होणार," विश्राम म्हणाला. "रंग हाच ठेवा, पण बिनचकाकीचा घ्या. आणि वरच्या कपाटाखाली एक ट्यूब लावा, नाहीतर मासे साफ करताना तुमचीच सावली हातावर पडेल. तिथे काळोख राहतो."

जनाबाईंनी मधुशेठकडे पाहिलं. "याला रंग दिसत नाय?"

"नाही."

"बाकी सगला दिसतं वाटते." त्यांनी मालूच्या हातातून बिनचकाकीचा तुकडा घेतला. "ह्याच करा. रंग आमी बघितला."

परतताना मधुशेठ म्हणाले, "बावीस कामं तपासली. एक अक्रोड चुकलंय, पण त्या माणसाला तेच आवडलंय." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "तू मला आधी सांगायला हवं होतंस. मी चिडलोय, ते चिडणं जाईल हळूहळू." मग सिग्नल लागला तेव्हा त्यांनी मान वळवून विचारलं, "इथे काय करतोस रे तू?"

"वर लाल, खाली हिरवा."

मधुशेठ हसले नाहीत, पण स्कूटर सुरू करताना मान हलवली. त्या दिवसापासून कारखान्यात नियम झाला. चित्र विश्राम करणार, रंग गिऱ्हाइकाने खऱ्या तुकड्यावर बघून पाठीमागे सही करायची. नवीन गिऱ्हाईक आलं की विश्राम पहिल्याच मिनिटाला स्वतःचं सांगून टाकायचा. दोघे-तिघे उठून गेले. बाकीचे बसले.

चित्रा त्या रविवारी त्याला बाजारात घेऊन गेली आणि साडीच्या दुकानात दोन साड्या पुढ्यात ठेवल्या. "यातली गडद कुठली तेवढं सांगा," ती म्हणाली. त्याने सांगितलं. मीनलला कधी सांगायचं यावर मात्र दोघांचं एकमत व्हायला आणखी काही वर्षं गेली.

आणि खुर्चीच्या मागे कुणी न बोलता येऊन उभं राहिलं की विश्रामच्या तळहातांना घाम यायचा, तो पुढेही बरेच दिवस येत राहिला.