चार फूट जादा पाइप

मागे वाढवलेल्या खोलीच्या न्हाणीघरासाठी दोन प्लंबरांनी आपापले खर्च लिहून दिले होते. स्वस्तातला घ्या आणि मोकळ्या व्हा, असा सुनेचा धोशा. पण आक्कांनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेले. स्वतः माप घेतल्याशिवाय त्यांना चैन पडेना. गळ्यातली टेप काढून त्यांनी टाकीपासून नळापर्यंतची भिंत मोजली. बत्तीस फूट भरली. स्वस्तवाल्याने पाइप बरोब्बर बत्तीस फूट लिहिला होता, महागवाल्याने छत्तीस.

आक्कांचा पारा चढला. महागवाल्याला बोलावून त्यांनी फैलावर घेतलं. “हे वरचे चार फूट कुणाच्या घशात घालणार आहेस?”

“आक्का, प्रत्येक वळणाला पाइप सांध्याच्या आत जातो, थोडा कापण्यात जातो,” तो शांतपणे म्हणाला. “उरेल तो तुमच्या हातात देईन.”

आक्कांनी शिवणकामाचा खडू घेऊन भिंतीवर नळाची खूण केली, छोट्या नातीचा हात पोचेल एवढ्या उंचीवर.

“सूनबाई, त्या दुसऱ्याला नाही म्हणून कळव गं,” त्या ओरडल्या. “शिवणीत जाणारं कापडच धरलं नाही मेल्याने! त्याने शिवलेला सदरा कुणाच्याच अंगात शिरायचा नाही!”