आंघोळीआधीचं अत्तर

वसमतला जमीलभाईंच्या अत्तराच्या दुकानाला लागूनच माझं बांगड्यांचं दुकान आहे. इतकी वर्षं शेजार केला, पण भर उन्हात त्यांच्या कुप्या उघडल्या की माझं डोकं अजून दुखायला लागतं. "अनुसयाबाई, गुलाबानं डोकं दुखणाऱ्या तुमी एकट्याच," म्हणून ते हसतात. हसू द्या. माणूस लाखाचा, पण अत्तराच्या बाबतीत हट्टी. आंघोळ न करता आलेल्या गिऱ्हाइकाच्या हाताला ते अत्तर लावायचेच नाहीत. "घामट अंगावर अत्तर म्हणजे उकिरड्यावर रांगोळी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

हा नियम मोडायचा एकटा जळबा. आमच्याच गल्लीतला. मोंढ्याच्या बाजारात हळदीची पोती उचलायचा. काम सुटलं की तसाच पिवळाधमक दुकानात यायचा आणि चंदन-लवंगेच्या अत्तराचं बोट मानेला पुसून मोकळा व्हायचा.

"आंघोळ करून ये म्हणलं ना रे!" जमीलभाई ओरडायचे.

"आंघोळ केली की झोपच येती, भाई. मग अत्तर कुनासाठी लावू?"

मनसोक्त भांडायचे आणि मग एकाच कपातला चहा बशीत वाटून प्यायचे. जळबा गेला, पण मोंढा सुटायच्या वेळेला माझे कान अजून त्या भांडणाकडे लागतात. फार आठवण येते, खोटं कशाला सांगू.

परवा त्याची लेक साक्षी आली. लग्न आठवड्यावर आलेलं. तिनं पर्समधून एक काळी बाटली काढली, पुरुषांचा सेंट, ऑनलाइन मागवलेला.

"चाचा, लाकूड अन् मसाल्याचा वास हाय म्हणून लिवलंय यावर. बघा ना, बाबासारखा येतो का. लग्नात तेवढा तरी जवळ पायजे. मी तो वास इसरून राहिले, चाचा."

जमीलभाईंनी बाटलीला नाक मुरडलं नाही. आपल्या मनगटावर फवारा मारला, न चोळता हात लांब धरला आणि बाजारात एक चक्कर मारून आले. त्यांची पारख अशीच. पहिल्या वासावर ते कधी बोलत नाहीत.

"मिरी अन् वेलची दारातच गोंधळ घालून राहिली," ते परत येऊन म्हणाले. "मागून देवदार येतो, चांगला येतो. पण बेटा, यात जळबा न्हाई."

मग त्यांनी जळबाचीच कुपी काढली आणि साक्षीच्या मनगटाला काडी टेकवली. तीही बाजारात फिरून आली. आली ती मान हलवतच. "वास मस्त हाय. पण बाबाचा न्हाई."

जमीलभाईंचा चेहराच उतरला. तीच कुपी, तेच अत्तर. "माझं नाक गेलं का हो, अनुसयाबाई?"

मला रागच आला. "नाक कशाला जातंय? जळबा कधी असा धुतलेल्या हातानं आलता का तुमच्याकडं?"

जमीलभाईंनी कपाळावर हात मारला. "हळद! जिंदगीभर त्याला आंघोळ कर म्हणून तकलीफ दिली, अन् वास तर तिथंच होता!" कुपी त्यांनी साक्षीच्या मुठीत ठेवली. "आता लावू नको. तुला हळद लागल ना, तवा लाव. हळदीवरच. धुवायचं न्हाई."

"पण चाचा, तुमीच तर म्हणता..."

"ते बाकीच्यांला."

हळदीला मी चुडा भरायला गेले. साक्षी पाटावर बसलेली, हात, मान, गाल सगळे पिवळे. तिनं मानेला अत्तराचं बोट पुसलं, अगदी बापासारखं. मी तिच्या हातात बांगड्या चढवत होते. तेवढ्यात तिची आई पद्माबाई हळदीची वाटी घेऊन माझ्यामागून आली. तिला या अत्तराचं कुणी काही सांगितलं नव्हतं. लेकीच्या गळ्याला हळद लावायला ती वाकली आणि तिचा हात तिथंच थांबला.

रोज संध्याकाळी दार उघडताना म्हणायची तसंच, अगदी सहज ती म्हणाली, "आले का?"