डोंगरात आलेला तांडेल

जर्मनीची लढाई सुरू होऊन तीन पावसाळे झाले होते. त्याच्या पुढच्या चैत्रात, भर दुपारी, एक कोळी आमच्या ओट्यावर येऊन टेकला. पन्नाशीचा असेल. चेहरा मिठाने खाल्ल्यासारखा, डोळे बारीक केलेले. मी पाणी दिलं तर तांब्याभर एका दमात प्याला आणि म्हणाला, "सुतार हाय का गो घरात? मना होडीचं लाकूड पायजे."

मोखाड्यात होडीचं लाकूड मागायला कुणी येतं याचं मला नवल वाटलं नाही. माझे यजमान सुतार. गाडीची चाकं, नांगर, दाराच्या चौकटी हे रोजचं काम. त्याखेरीज किनाऱ्यावरच्या होड्या बांधणाऱ्यांसाठी रानातून वाकडी लाकडं निवडून, तासून, गाड्यांवर खाली पाठवत. होडीच्या बरगड्या अशाच वाकड्या लाकडाच्या लागतात. पण ते सगळं व्यापाऱ्यामार्फत चाले. होडीचा धनी, तांडेल, स्वतः घाट चढून आला, असं पहिल्यांदाच घडत होतं.

माझं माहेर जव्हारचं. तिथल्या शाळेत चार बुकं शिकले, म्हणून हे आज लिहिता येतं. लग्न होऊन मोखाड्यात आले तेव्हा घरात आम्ही दोघंच. सासू-सासरे आधीच गेले होते, मूलबाळ अजून नव्हतं. त्यामुळे त्या दिवशी यजमान त्याला म्हणाले, "जेवून घ्या, मग बोलू," आणि तो जेवला, आणि बोलणं संध्याकाळपर्यंत चाललं, त्याला आडकाठी करणारं कुणी नव्हतं.

त्याची हकीकत अशी. डहाणूच्या खालच्या अंगाला एका कोळीवाड्यात त्याचं घर. स्वतःचा मचवा होता, वीस वर्षं वापरलेला. लढाईसाठी आगबोटी गेल्या आणि मुंबईला माल न्यायला शिडाच्या होड्यांशिवाय काही उरलं नाही. व्यापारी किनाऱ्याने फिरू लागले. जुनी, गळकी, कशीही होडी दाखवा, ते म्हणाल ती किंमत द्यायचे. त्याच्या बायकोने सांगितलं होतं, विकू नका. याने विकली. मनात हिशेब सरळ होता, जुनी देऊन नवी बांधायची, नारळी पुनवेला पाण्यात घालायची.

"मग?" यजमानांनी विचारलं.

"मग काय. बांधणारा बोलला, लाकूड आण. लाकडाची वखार रिकामी. खिळे नाय, शिडाचं कापड नाय. बोललो, दुसरी जुनीच घेतो. तर माजी विकली त्याच्या दुप्पट मागतात, आनि पुढच्या हप्त्याला तेवढ्यालाही देत नाय. पैसा कनवटीला हाय, सुतारा, पन त्याला होडी येत नाय."

गावात लोक त्याला तोंडावर म्हणू लागले होते की, यानं आई विकली. म्हणून तो घरातून सांगून निघाला होता की लाकूड घेऊनच परत येईन.

यजमानांनी त्याला रान दाखवलं. जामसरच्या अंगाला एका टेकडीवर त्यांना सरळ साग माहीत होता. होडीचा कणा, ज्याला तो पठाण म्हणे, अख्ख्या होडीच्या तळातून जातो. त्यासाठी इतकं लांब लाकूड लागतं. झाड त्याला पसंत पडलं. पण झाड तोडायला परवाना हवा, आणि परवान्यासाठी जव्हारला खेपा. पहिल्या खेपेला साहेब नव्हते. दुसऱ्या खेपेला पावसाळा तोंडावर आला होता. सांगण्यात आलं, आता दिवाळीनंतर.

तो परत जाईल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "सुतारा, तुजी करवत ओढायला मानूस हाय का?"

असा तो आमच्याकडे राहिला. करवतीचं काम दोघांचं असतं. एक वर उभा, एक खाली, मधे ओंडका. तो खाली उभा राही, भुसा डोक्यावर घेई. होडी वल्हवलेले हात करवत ओढायला लवकर शिकले. मला तो बाय म्हणे, मी त्याला बाबा म्हणू लागले. त्याचं सामान म्हणजे एक कांबळं, एक सुरी आणि सुक्या बोंबलांचं गाठोडं. ते संपल्यावर नाचणीची भाकर आणि माझी मिरचीची चटणी मुकाट्याने खायचा. एकदा मी मुद्दाम नदीतले लहान मासे मिळवून कालवण केलं. तो दोन घास खाऊन थांबला. म्हणाला, "चांगलं झालंय गो. पन हा मासा मातीचा लागतो." आणि मग मला वाईट वाटू नये म्हणून सगळं संपवलं.

आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत असेल, सहा-सहा दिवस उघडत नाही. ओट्यावर बसून तो मला त्याच्या बायकोच्या गोष्टी सांगे. ती मासळीची पाटी घेऊन किती कोस चालते, भाव करताना समोरच्याला कशी बोलू देत नाही. मूल त्यांनाही नव्हतं. "ती बोलली व्हती नको विकू," हे वाक्य दर दोन दिवसांनी यायचंच. मी एकदा म्हटलं, "बाबा, नारळी पुनवेला तरी घरी जाऊन या." तो म्हणाला, "रिकाम्या हातानं? तिच्यासमोर?" त्या पावसाळ्यात पुन्हा मी विषय काढला नाही.

दिवाळीनंतर परवाना मिळाला. साग तोडला, ओंडका चार बैलांनी सडकेला आणला. तो त्या दिवशी लहान पोरासारखा ओंडक्याच्या पुढे-मागे चालत होता. पण घाटाच्या नाक्यावर लाकडाच्या मक्तेदाराच्या माणसांनी गाडी अडवली. लांब, सरळ साग लढाईच्या खरेदीत जायचा होता. यजमानांनी परवाना पुढे केला. त्या माणसाने तो वाचला, परत दिला आणि म्हणाला, "हा तोडायचा परवाना आहे. न्यायचा कुठे आहे?" ओंडक्यावर त्यांचा शिक्का बसला.

यजमान परत आले, तो आला नाही. दुसऱ्या गाडीवर आपलं झाड चाललं होतं, त्याच्याबरोबर तो एका हाताने ओंडक्याला धरून घाट उतरेपर्यंत चालत गेला, असं गाडीवानांनी नंतर सांगितलं. तिसऱ्या दिवशी ओट्यावर येऊन बसला. मी भाकरी वाढली, त्याने खाल्ली. सकाळी यजमान उठायच्या आत तो करवतीपाशी जाऊन उभा होता.

मार्ग यजमानांनीच काढला. आखूड लाकूड कुणी अडवत नव्हतं. दोन आखूड ओंडके घ्यायचे आणि ते एकमेकांत बसवून एक पठाण करायचा.

"जोडाचा पठाण?" तो उठूनच उभा राहिला. "समुद्र जोड शोधत असतो, सुतारा."

"माझा जोड शोधू दे त्याला," यजमान म्हणाले. इतकं मोठं बोलणं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

तो जोड करायला त्यांना महिना लागला. रोजचं काम बाजूला पडलं. एक टोक दुसऱ्यात बसवायचं, काढायचं, पुन्हा तासायचं. शेवटी बसला तेव्हा तांडेलाने डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला आणि जोड कुठे आहे ते त्याला सापडलं नाही. तो हसला. दीड वर्षात मी त्याला मोठ्याने हसताना तेवढंच ऐकलं.

मग बरगड्या झाल्या. सगळं आमच्या अंगणात मांडून ठेवलेलं, एखाद्या मोठ्या जनावराच्या हाडांसारखं. वाटेने जाणारे वारली थांबून बघायचे आणि विचारायचे, हे घर कुणाचं?

राहिले खिळे. बाजारात लोखंड दिसेनासं झालं होतं. खिळे मागायचे तरी कुणाकडे? पाड्यांवरची घरं कुडाची, वेलांनी बांधलेली, त्यांत खिळाच नसे. मोखाड्यातल्या चार लाकडी घरांत यजमान गेले, मोडक्या कवाडांचे खिळे काढून आणले. मग एके दिवशी त्यांनी आमच्या मागच्या दाराला हात घातला. मी चिडले. "दाराशिवाय घर कसं ठेवू? कोल्हं-कुत्रं आत येईल." ते म्हणाले, "लाकडी खुंट्या मारून देतो." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते. शेवटी एका लोहाराने गाडीच्या चाकावरच्या जुन्या धावेचं लोखंड तापवून लांब खिळे ठोकून दिले, आणि एक गोणपाट भरलं.

तोवर दुसरा पावसाळा अर्धा संपला होता. लाकूड तयार, खिळे तयार, पण चिखलात गाड्या घाट उतरू शकत नव्हत्या. दिवाळीपर्यंत थांबणं आलं. तो अंगणात येरझारा घालायचा, झाकलेली लाकडं पुन्हा झाकायचा.

गणपती झाले तेव्हा मी त्याला म्हटलं, "बाबा, आता तर हात रिकामे नाहीत ना? लाकूड कुठे पळतंय? जाऊन बायकोला भेटून या. गाड्या निघतील तेव्हा सांगावा धाडतो."

तो नाही म्हणाला. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मला खरंच वाटत होतं की त्या बाईने आता आणखी वाट बघू नये. अखेर तो तयार झाला. निघताना मी शिधा बांधून दिला. तो म्हणाला, "तिला सांगतो, डोंगरात मना लेक भेटली." आणि जव्हारच्या वाटेने गेला.

त्यानंतर महिनाभरात तापाची साथ आली. ती कशी होती ते इथे लिहीत नाही. पाड्यांवर एकेका घरात चूल पेटवायला माणूस उरला नाही. यजमान आठ दिवस निपचित पडले आणि वाचले. दिवाळी कधी आली, कधी गेली, कळलं नाही. लढाई संपल्याची बातमीही त्याच दिवसांत मोखाड्यात आली. आम्ही खाली सांगावा धाडला, गाड्या निघतायत. उत्तर आलं नाही.

मार्गशीर्षात एक बाई ओट्यापाशी उभी राहिली. काटक, उंच, डोक्यावर रिकामी पाटी. तिने काही सांगायच्या आधी मला कळलं. तिने मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "लेक ती तूच काय?"

मी तिच्या पायाशी बसले. "आई, मीच पाठवलं त्यांना. ते जात नव्हते. मी मागे लागले. इथे राहिले असते तर..."

"इथं काय ताप नव्हता?" ती म्हणाली. मग तिने डोक्यावरची पाटी खाली ठेवली. "नवव्या दिवशी गेला. माज्या हातानं पानी प्याला. तू धाडला म्हनून प्याला गो. तू नसतं धाडलं तर मना नुसता निरोप आला असता." तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यापुढे ती रडली, मी रडले. यजमान अंगणात जाऊन उभे राहिले.

नंतर ती लाकडं बघायला गेली. पठाणाच्या एका टोकापासून पावलं टाकत दुसऱ्या टोकाला पोचली. परत फिरली, पुन्हा पावलं टाकली. "एवढी मोठी बांधनार व्हता?" तिने यजमानांना विचारलं. "मना बोलला व्हता, जुनीएवढीच."

"सात-आठ खलाशी लागतील अशी," यजमान म्हणाले.

ती खाली बसली. तिच्याकडून कळलं की त्याच्याबरोबर दर्यावर जाणाऱ्यांपैकी चौघं त्याच तापात गेले होते. लाकूड नेऊन काय करणार? यजमानांनी सांगितलं, गिऱ्हाईक बघून विकतो आणि पैसे पोचते करतो. ती दोन रात्री राहिली. माझ्याबरोबर दळलं, पाणी भरलं. तिसऱ्या दिवशी पाटी घेऊन निघून गेली.

लाकडाला गिऱ्हाईक मिळायला वर्ष गेलं. आगबोटी परत आल्या होत्या, वखारी भरू लागल्या होत्या, नव्या होडीचं नाव कुणी काढत नव्हतं. शेवटी वाडा गावाकडचा एक जण घर बांधत होता, त्याने पठाण आढ्यासाठी मागितला. लांबी जास्त होती. यजमानांनी करवत आणली, लावली, आणि मला म्हणाले, "तू आत जा." पाठीमागे आवाज मला ऐकू येत होता. दुपारी ते जेवले नाहीत.

पैसे द्यायला आम्ही दोघं खाली गेलो. समुद्र मी त्या वेळी पहिल्यांदा पाहिला, पण माझी नजर वाळूवर खिळली. दहा-बारा मचवे कलंडून पडले होते, काहींच्या फळ्या निघालेल्या. लढाईत चढ्या भावाने घेतलेले हे मचवे व्यापारी आता येईल त्या किमतीला विकत होते. एकाची तर सरपणासाठी तोड चालली होती.

ती तिच्या ओट्यावर मासळी साफ करत होती. आम्हाला बघून उठली, हात धुतले, चटई टाकली. पैसे घेताना मोजले नाहीत. यजमानांनी सहज म्हणून विचारलं, "एवढ्या पैशांत आता एखादी जुनी होडी येईल ना?"

"दोन येतील," ती म्हणाली. "रोज कोन ना कोन येऊन सांगतो, घे गो, स्वस्त हाय. होडी घेते रे सुतारा. न्यायला मानूस कुठून आनू?"

तिने आम्हाला भात वाढला, बोंबलाचं कालवण वाढलं. जेवताना यजमान मीठ जास्त झालंय म्हणाले, ती म्हणाली नाही झालं, आणि दोघं त्यावरून थोडा वेळ वाद घालत राहिले. परत निघताना तिने सुक्या मासळीची पुरचुंडी माझ्या हातात दिली. पुढे चार वर्षं, दर दिवाळीनंतर, खालून येणाऱ्या गाडीबरोबर तशी पुरचुंडी येत राहिली. पाचव्या वर्षी आली नाही. आम्ही चौकशी केली. गाडीवान नवा होता, त्याला ते घर माहीत नव्हतं.