व्याह्यांचा एकुलता एक घोट

बागेत कसं जावं हे आमच्या व्याह्यांकडून शिकावं. बाग त्यांच्याइतकी अंगाला लावून घेणारा माणूस अख्ख्या नाशकात दुसरा नसेल. लासलगावच्या कांदा मार्केटात त्यांची हयात गेली. धंदा भावावर सोपवून ते गंगापूर रोडला मुलाकडे, म्हणजे माझ्या जावयाकडे राहायला आले आणि दर रविवारी नातीला नि मला घेऊन जवळच्या त्या मोठ्या बागेत जाऊ लागले. आत शिरले की लिलावाला आल्यासारखे चालायचे. झाडांच्या बुंध्यावर थापा मारायचे, पहारेकऱ्याला रामराम घालायचे, अनोळखी कुटुंबाच्या सतरंजीवर टेकून "गाव कोणतं?" विचारायचे आणि दहा मिनिटांत त्यांच्या घरात आपली कुणीतरी चुलत आत्या दिलेली निघायची. आवाज मार्केटातला. एकदा त्यांनी नातीला हाक मारली, तर त्याच नावाच्या आणखी दोन मुली आयांसकट हजर झाल्या. व्याह्यांनी तिघींनाही भेळ खाऊ घातली.

बागेच्या एका कोपऱ्यात, बांबूच्या कुंपणाआड बिअर गार्डन होतं. अलीकडे मुलांची घसरगुंडी, पलीकडे मोठ्यांचे ग्लास, मध्ये कमरेएवढं कुंपण. व्याह्यांनी जन्मात दारूला तोंड लावलेलं नव्हतं, तरी ते तिथंच बसायचे; कारण बागेतली सगळ्यांत गार सावली तिथली, आणि खुर्चीतून नात दिसायची. मागवायचे लिंबू सोडा आणि मसाला पापड. पापडावरचा कांदा चिमटीत धरून वेटरला सांगायचे, "ह्यो उन्हाळ कांदा नाय भाऊ, तुला कुणीतरी लय फसवलंय." शेवटी तिथला आचारी कांद्याचं पोतं फोडण्याआधी त्यांना दाखवायला आणू लागला.

मी निवृत्त मुख्याध्यापक. व्यसनमुक्तीवर इतकी भाषणं दिली की आमच्या घरात मी म्हणजे त्या विषयाचा चालता फलकच. असा मी, सात वर्षांपूर्वी एका रणरणत्या रविवारी व्याह्यांना म्हणालो, "एकदा चव तर बघू." ते हसले. "बघा की गुरुजी. मी नाय कुणाला सांगत." अर्धा ग्लास झाला होता, तेवढ्यात नातीला न्यायला आलेली माझी मुलगी कुंपणापाशी उभी दिसली. व्याह्यांनी शांतपणे माझा ग्लास स्वतःपुढे ओढला.

"आबा! हे काय?"

"माझा हाय ग्लास. गुरुजी नुसते सोबतीला बसलेत." आणि बोलणं खरं करायला त्यांनी एक मोठा घोट घेतला. कडू काढा प्यायल्यासारखं त्यांचं तोंड झालं.

"पोर तिकडं एकटी खेळतेय आणि तुम्ही इथं पीत बसलात? बाबा, तुम्ही तरी सांगायचं ना यांना!"

आणि मी म्हणालो, हे लिहिताना आजही हात अडतो, "सांगून पाहिलं गं."

त्या दिवसापासून नातीला आबांबरोबर बागेत पाठवणं बंद झालं. मी व्याह्यांना एकदा म्हटलं, "तिला खरं सांगून टाकतो." त्यांनी मान हलवली. "नाय गुरुजी. मार्केटात तोंडातून बोली गेली की गेली. माल किडका निघाला तरी आपणच उचलायचा." बोली फिरवणारे तिथं खूप होते, त्यांनी मात्र कधी फिरवली नाही. त्यांचा हा बाणा मला फार सोयीचा पडला. मी त्याच्या आड सात वर्षं बसलो. ते मात्र रविवारी स्वच्छ कपडे, टोपी घालून गॅलरीत बसायचे आणि कुणी विचारलं तर म्हणायचे, "काय नाय, बसलोय आपला."

गेल्या महिन्यात मुलीकडे जेवताना ती माझ्याकडे बघत नातीला म्हणाली, "नानांसारखं स्वच्छ जगावं माणसानं." व्याह्यांनी ताटावरून मान वर केली नाही. तिथंच, सगळ्यांसमोर, मी सांगून टाकलं: ग्लास माझा होता, आणि "सांगून पाहिलं" हेही खोटं होतं. मुलगी उठून आबांच्या खुर्चीपाशी गेली, "आबा, चुकलं माझं," म्हणाली आणि रडली. व्याही तिच्या डोक्यावर हात ठेवून माझ्यावरच रागावले, "कशाला उकरून काढलंत गुरुजी? पोरीचं जेवण राहिलं ना!"

पुढच्या रविवारी नात आणि आबा दोघंच बागेत गेले. मला कुणी बोलावलं नाही, ते बरोबरच होतं. संध्याकाळी मी फोन करून विचारलं, कसं झालं?

"झ्याक झालं," व्याही म्हणाले. मग त्यांच्या मानानं फारच हळू आवाजात म्हणाले, "पण लय उंच झालीय हो. झोक्यावर बसली, तर पाय खाली टेकत व्हते."